वयाचा रकाना

ट्रेमध्ये चोवीस नळ्या होत्या. अठरा नळ्यांत आधीच निदान झालेल्या रुग्णांचं रक्त होतं: चौदा जण एचआयव्हीच्या पहिल्या प्रकाराचे, तिघे दुसऱ्या प्रकाराचे आणि एकाला दोन्ही. तीन नळ्यांत यंत्राबरोबर आलेले कृत्रिम नमुने होते. उरलेल्या तीन आमच्या.

आमच्या म्हणजे लॅबमधल्या तिघांच्या. नवं यंत्र आलं की ज्यांना काही झालेलं नाही अशा माणसांचं ताजं रक्तही त्यात घालून बघावं लागतं. त्या रक्तात यंत्राला काही सापडलं, तर यंत्र चुकतंय असं समजायचं. अशा नमुन्याला कंट्रोल म्हणतात. तालुक्याच्या ठिकाणी दर वेळी असं रक्त कुठून आणणार, म्हणून राऊळकाकांनी वीस वर्षांपूर्वी प्रथा पाडली: कंट्रोल आपणच. नळीवर नाव लिहायचं नाही, सेवाज्येष्ठतेप्रमाणे नंबर घालायचा. क-१ म्हणजे राऊळकाका स्वतः, आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ. क-२ डॉक्टर फर्नांडिस मॅडम. क-३ मी, केतकी धुरी, एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र, वय सत्तावीस वर्षं दोन महिने, नोकरीत तीन वर्षं.

यंत्राला सगळे भेदक म्हणत. त्याचं काम समजायला थोडं मागे जावं लागेल. एचआयव्ही या नावाखाली दोन वेगळे विषाणू येतात. पहिला जगभर पसरलेला आणि वेगवान. दुसरा दुर्मीळ आणि सावकाश. काहींच्या अंगात तो पंचवीस-तीस वर्षं नुसता पडून राहतो, काहींना मात्र पहिल्यासारखाच मारतो. जुनी किट शरीराने या विषाणूंविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं शोधत. दोन्ही प्रकारांची प्रतिद्रव्यं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे पट्टीवर दुसऱ्या प्रकाराची रेघ कधी उगाच उमटायची, कधी उमटायला हवी असूनही उमटत नसे. हा फरक कळणं गरजेचं, कारण सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं नवं इंजेक्शन पहिल्या प्रकाराला आवरतं आणि दुसऱ्याला जवळजवळ मोकळं सोडतं. भेदक प्रतिद्रव्यांच्या भानगडीत पडत नाही. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशी फोडतो आणि त्यांच्या गुणसूत्रांत लपलेल्या विषाणूच्या प्रती एकेक करून वाचतो.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर निकाल आले. अठरा बरोबर. कृत्रिम तीन बरोबर. क-१, आढळला नाही. क-२, आढळला नाही. क-३, आढळला. प्रकार: दोन.

"बिघाडलेला आसा," राऊळकाका लगेच म्हणाले. "घाटात येताना आपटला आसतला खंयतरी. काढ ती नळी, परत लाव."

मी परत लावली. दुसऱ्या हाताचं ताजं रक्त घेतलं, नवी नळी, ट्रेमधली वेगळी जागा. तेच उत्तर. तिसऱ्यांदा मॅडमनी स्वतः माझं रक्त काढलं आणि नळी स्वतः यंत्रात ठेवली. निकाल येईपर्यंत मी माझी नाडी मोजत होते. मिनिटाला एकशे बारा.

"प्रकार: दोन," मॅडमनी वाचलं. मग त्यांनी दार लावून घेतलं.

राऊळकाका उठले आणि कपाटातून तीन वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढायला गेले. ते काय शोधताहेत हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

मी नोकरीला लागले त्या आठवड्यात माझी तपासणी झाली होती. किटच्या पट्टीवर दुसऱ्या प्रकाराच्या जागी फिकी रेघ आली होती. पेन्सिलने ओढून खोडरबराने पुसावी, एवढी फिकी. काकांनी पट्टी उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि हसले होते. "धुऱ्यांचा चेडू, नुकताच कॉलेजातून इलेला. ह्येका खंयचा आसतला? किटच फालतू." दुसऱ्या कंपनीचं किट वापरलं, ते कोरं आलं. दोन उत्तरांतलं कोणतं खरं, हे आम्ही माझ्या चेहऱ्यावरून ठरवलं. मग मी क-३ झाले. पुढच्या महिन्यात त्याच खोक्यातल्या किटने कंट्रोललाच, म्हणजे मलाच, रेघ दाखवली, तेव्हा काकांनी 'सदोष' असा शेरा मारून अख्खं खोकं परत पाठवलं. त्या पत्राखाली माझीही सही आहे.

खोक्यातल्या शंभरांपैकी एकेचाळीस किट तोवर वापरली गेली होती. काकांचं बोट रजिस्टरवरून खाली सरकत होतं. चार ठिकाणी ते थांबलं. चार नावांपुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'फिकी रेघ. किट सदोष. निगेटिव्ह धरावे.'

"चार जण," ते म्हणाले. "तीन वर्सां." एवढंच. नंतरचा आठवडाभर ते रोज सकाळी त्या चौघांना फोन लावत होते. दोघांचे नंबर बंद होते.

माझं तोवर फक्त प्रकारावर लक्ष होतं. खालचा रकाना मी वाचलाच नव्हता. संसर्गाचं वय.

विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो. माणसाच्या अंगात शिरतो तेव्हा त्याच्या सगळ्या प्रती जवळपास सारख्या असतात. वर्षं जातात तशा त्या एकमेकींपासून लांब जात राहतात. आज हजारभर प्रती वाचून त्यांच्यातलं अंतर मोजलं, तर त्या सगळ्या एकसारख्या होत्या तिथपर्यंत उलटं मोजत जाता येतं. दुसऱ्या प्रकारात हे अंतर फार हळू वाढतं, त्यामुळे वर्षभराची चूक धरावी लागते. डॉक्टरांना हे वय औषधं ठरवायला हवं होतं. लोकांनी ते दुसऱ्याच कामाला लावलं. मोठ्या शहरांत भेदक आमच्या वर्षभर आधी पोचला होता आणि तिथे नवरा-बायकोचे रिपोर्ट शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारला जात होता: कोणाचं जुनं? मॅडमच्या ओळखीच्या एका लॅबमध्ये जोडप्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलवायला लागले, कारण रिपोर्ट हातात पडल्यावर एका बाईला तिच्या दिराने लॅबच्याच जिन्यावरून ढकललं होतं. त्यानंतर अर्जावर एक चौकट आली. संसर्गाचं वय कळवावे, किंवा कळवू नये. जे हवं त्यावर खूण करायची.

माझ्या बाबतीत अशी खूण कोणी केलीच नव्हती. कंट्रोलला अर्ज नसतो. त्यामुळे आकडा उघडाच होता. सव्वीस वर्षं अकरा महिने, अधिक-उणे तेरा महिने.

मी वजाबाकी केली. मग कागदावर परत केली.

*

आईला सांगायला मला तीन दिवस लागले. तोपर्यंत मॅडमनी माझ्या गोळ्या सुरू केल्या होत्या, दुसऱ्या प्रकारावर चालणाऱ्या. "केतकी, तू म्हातारी होशील," त्या म्हणाल्या होत्या. "माझ्यासारखी जाडी आणि चिडकी. ते माझ्यावर सोड. पण आईचं रक्त लवकर आण."

आई अंगणवाडी सेविका. वय पन्नास. त्या संध्याकाळी ती ओट्यावर बसून सुपात कुळीथ निवडत होती.

"आई, एक सांगायचंय. मधे बोलू नकोस."

"लग्न ठरवलंस की काय परस्पर?" तिने वर न बघता विचारलं. "मुलगा मासे खाणारा आहे ना, तेवढं सांग."

मी सांगितलं. सुपातला तिचा हात थांबला.

"सुई टोचून घेतलीस? हजारदा सांगितलं होतं, असल्या ठिकाणी..."

"सुई नाही. जन्मापासून आहे."

ती सावकाश म्हणाली, "म्हणजे माझ्याकडून."

"हो."

"म्हणजे त्याच्याकडून."

ही पायरी माझ्या यंत्राने सांगितली नव्हती. ती तिने घातली, आणि इतक्या सहज की अठरा वर्षं ती याच पायरीवर बसून असावी.

माझे बाबा, दिगंबर धुरी, मालवाहू जहाजावर आचारी होते. मी आठ वर्षांची असताना जहाजाच्या कंपनीने त्यांना घरी पाठवलं. बरोबर एक कागद होता. आईने त्यावरचा 'पॉझिटिव्ह' हा एक शब्द वाचला आणि कागद चुलीत घातला. गावाला टीबी सांगितला. बाबांचं अंथरूण पडवीत गेलं. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. आई चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायची आणि तीन पावलं मागे सरायची. मग ते कप उचलायचे. मला उंबऱ्याच्या बाहेर जायची बंदी होती. अकरा महिने. शेवटी शेवटी त्यांना कपही उचलता येत नव्हता, तेव्हा बाळाकाका, त्यांचे थोरले भाऊ, रोज दोन वेळा येऊन पाजून जायचे. बाळाकाका आईशी त्यानंतर कधी नीट बोलले नाहीत. गावात सांगत फिरले की माझा भाऊ आजाराने मेला नाही, उंबऱ्याने मेला.

बाबा आईला हाक मारून एकच वाक्य म्हणायचे, ते मला पडवीच्या खिडकीतून ऐकू यायचं. "मी काय केलंलं नाय, सुहास."

"तुझ्या वेळी माझी तपासणी झाली होती," आई म्हणाली. "तिसऱ्या महिन्यात. स्वच्छ होते मी. नंतर सातव्या महिन्यात तो सुट्टीवर आला. वीस दिवस. तेव्हाच."

"आई, तेव्हाची किटं..."

"तुमच्या यंत्रात तारीख निघते ना? माझी काढ."

"तारीख नाही, वय. आणि ते न कळवण्याची सोय आहे. औषधाला प्रकार कळला तरी पुरतं."

"मला पुरत नाही." तिने सूप बाजूला सारलं. "मी अठरा वर्षं ऐकून घेतलं, केतकी. लग्नाकार्यात माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही भावोजींनी. उद्या कागदावर छापून येऊ दे की हे लग्नानंतर घरात आलं. मी त्यांना बोलावणार आहे. त्यांच्यासमोर वाचायचं."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं पाच महिने झाले होते. जो काही आकडा येईल तो याहून लहान असायला हवा होता, आणि तो लहानच येणार याची तिला खात्री होती. मलाही होती. त्या संध्याकाळी मला भीती होती ती फक्त, हा विषाणू ज्या संपवतो, त्या तिच्या पांढऱ्या पेशींच्या संख्येची.

*

अर्ज मॅडमनी स्वतः भरून घेतला. मी टेबलाच्या कडेला उभी होते. नाव, वय, गाव, बाळंतपणं. आई शाळेत हजेरी द्यावी तशी उत्तरं देत होती.

"कधी ऑपरेशन?"

"एक झालंय. बारावीच्या सुट्टीत रातांब्याच्या झाडावरून पडले होते. पोटात रक्तस्राव झाला. प्लीहा काढली."

"रक्त चढवलं होतं?"

"दोन बाटल्या."

मॅडमचं पेन क्षणभर अधांतरी राहिलं. "कुठून आणलं होतं, आठवतं?"

"आणलं कुठलं! पाऊस, रस्ता बंद, छोटा दवाखाना. डॉक्टरांच्या दारात एक ट्रक अडकला होता. त्या ड्रायव्हरचा गट जुळला. तिथेच काढलं, तिथेच चढवलं. देवमाणूस. नावही विचारायचं राहिलं. माझ्या वडिलांनी त्याला आंब्याची पेटी दिली होती." आई हसली. "त्याच्यामुळे जगले मी, मॅडम."

"किती वर्षं झाली?"

"बत्तीस."

मॅडमनी आकडा लिहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्यांनी बघितलं नाही म्हणून मी मनात वजाबाकी केली. बत्तीस. लग्नाला अठ्ठावीस वर्षं पाच महिने. मधे साडेतीन वर्षांचं अंतर. भेदकाची चूक त्याहून खूप कमी.

"सुहासिनीबाई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ही शेवटची चौकट. वय कळवावं की नको? तुम्हाला सांगते, बरीच माणसं 'नको' म्हणतात. त्यात काही कमीपणा नाही. आणि या रक्ताच्या बाटल्यांचाही विचार करा. संसर्ग तिथूनही झालेला असू शकतो."

आईने मॅडमकडे असं बघितलं, जसं ती अंगणवाडीत खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघते. "तो दवाखाना माझा जीव वाचवणारा. तुम्ही कुणाचा दोष कुणावर घालताय?" तिने पेन घेतलं आणि 'कळवावे' वर खूण केली. कागद फाटेल एवढ्या जोराने.

मी तिला बाहेर गाठलं. "आई, खूण बदल. मी हात जोडते."

"का?"

"आकडा मोठा आला तर?"

"कशापेक्षा?"

लॅबच्या बाकावर बाळाकाका येऊन बसले होते, छत्री गुडघ्यांत धरून. सत्तरी उलटलेले, बाबांसारखंच नाक. आई ताठ चालत गेली आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघांच्या मधे तीन माणसं मावली असती.

नात्यातल्या माणसाचा नमुना आपण लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम. आईची नळी राऊळकाकांच्या हातात होती. आणि अर्ज माझ्या हातात. मॅडमच्या खोलीपासून यंत्रापर्यंत अकरा पावलं आहेत. भेदकाच्या पडद्यावर दोन बटणं असतात, वय उघड आणि वय झाकलेलं. अर्ज बघून त्यातलं एक दाबायचं.

"काका," मी म्हणाले, "झाकून लावा."

त्यांनी अर्ज माझ्याकडून घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि खूण बघितली.

"हयसर तर उघड म्हणान लिवलाहा."

"तिला माहीत नाही ती काय मागतेय. लग्नाच्या आधीचं निघालं तर बाबांना काही नव्हतं, निदान तिच्याआधी नव्हतं. तिने अकरा महिने त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, काका. आजार तिच्याकडून गेलेला असला तर... ती हे घेऊन जगू शकणार नाही. प्रकार सांगू. औषध देऊ. बाकी कशाला?"

काकांनी नळी उजेडात धरली. मग म्हणाले, "एकदा मी तुझो चेरो बघून निकाल वाचलंय, गो. माका व्हयो तसो. त्या चौघातली एक बाई आता गरोदर आसा. काल फोन लागलो तिका." त्यांनी नळी खाचेत बसवली. "आता माका कोणाचो चेरो बघूचो नाय."

त्यांनी 'उघड' दाबलं.

चार तास दहा मिनिटं. मी यंत्रासमोर उभी राहिले. पेशी फुटल्या, प्रती वेगळ्या झाल्या, वाचन सुरू झालं. पडद्याच्या कोपऱ्यात वाचलेल्या प्रतींचा आकडा चढत होता: नव्वद, दोनशे चाळीस, सहाशे दहा. पाचशेला प्रकार कळतो. वय हजारानंतर कळतं. मधल्या काळात मी दोनदा बाहेर डोकावले. पहिल्यांदा दोघं होती तशीच बसली होती. दुसऱ्यांदा बाळाकाका बोलत होते, समोरच्या भिंतीकडे बघत.

"शेवटच्या दिवशी तो माका म्हणालो, सुहासक सांग, मी खोटा बोलणंय नाय."

"मला सांगितलं नाहीत कधी," आई म्हणाली.

"तू खंय उंबऱ्याच्या भायर इलंस? सांगतलंय खंय?"

आईने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं. मग पुन्हा गुंडाळलं.

एक हजार ऐंशी प्रतींना यंत्र थांबलं. कागद बाहेर आला. राऊळकाकांनी तो न वाचता उलटा धरला आणि ते बाहेर गेले. मी त्यांच्यामागे. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

आई उठून उभी राहिली. "मोठ्याने वाचा, राऊळ. भावोजींना ऐकू आलं पाहिजे."

"बाई, आधी तुमी एकट्यानी वाचा."

"मोठ्याने."

मी तिचा हात धरला. काकांनी कागद सुलट केला.

"नाव, सुहासिनी दिगंबर धुरी. वय पन्नास. वाचलेल्या प्रती, एक हजार ऐंशी. प्रकार, दोन. संसर्गाचं वय, एकतीस वर्षं आठ महिने. अधिक-उणे अकरा महिने."